एका पत्त्यावर नऊ घरे

मी एक पत्ता बोलतो आहे. घराचा नव्हे. माझ्यात पेठ नाही, गल्ली नाही, देवळामागून डावीकडे असेही काही नाही. मी चार आकड्यांचा आहे आणि आकड्यांच्या मध्ये टिंबे आहेत. पहिले तीन आकडे माझे आणि माझ्या भावंडांचे समान आहेत. ते आडनावासारखे समजावेत. चौथा माझा एकट्याचा आहे, सत्तेचाळीस. इंटरनेटवर एक संगणक दुसऱ्याशी बोलतो तेव्हा उत्तर कोठे पाठवायचे हे त्याला ठाऊक असावे लागते. तेवढ्यापुरते माझे अस्तित्व आहे.

आम्हाला कोणी घडवत नाही. आम्हाला मोजतात आणि वाटतात. समुद्रापलीकडे एक नोंदणी संस्था आहे, ती मोठ्या कंपन्यांना आमचे हजारोंचे गठ्ठे देते. अशाच एका गठ्ठ्यातून मी मुंबईच्या एका कंपनीकडे आलो. त्या कंपनीने १९९९ साली चौसष्ट पत्ते सुटे करून कोल्हापूरला उसने दिले. त्यांत मी होतो. उसने हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण पुढची सगळी हकिकत त्याच्याभोवती फिरते.

शाहूपुरीत सायकलच्या दुकानावर दोन खोल्या होत्या. तेथे प्रसेनजीत नावाच्या अभियंत्याने इंटरनेट पुरवण्याचा व्यवसाय थाटला होता. एका खोलीत साठ मोडेम, म्हणजे ग्राहकाचा संगणक फोनच्या तारेवरून इंटरनेटला जोडणारी यंत्रे, लाकडी फळ्यांवर मांडले होते. दुसऱ्या खोलीत निशा बसे. ती मूळची राधानगरीची. लोकांच्या तक्रारी दूरध्वनीवर ऐकणे हे तिचे काम होते. खिडकीजवळच्या टेबलाशी प्रसेनजीतच्या आई, आक्काताई, बसत. त्या एकतीस वर्षे टपाल खात्यात कारकून होत्या. निवृत्तीनंतर घरी बसवेना म्हणून येथे येऊन अर्ज, पत्रे आणि ग्राहकांची नोंद पाहत.

चौसष्टांतले चार जण यंत्रांच्या कामाला लागले, साठ उरले. ग्राहक मात्र पाचशे चाळीस होते. यावर प्रसेनजीतने काढलेला तोडगा सोपा होता. ज्याने फोन लावला त्याला त्या वेळी मोकळा असलेला पत्ता मिळे. त्याने फोन ठेवला की तोच पत्ता दुसऱ्याला. यंत्र शक्यतो ज्या घराला त्याचा आधीचाच पत्ता देई, म्हणून एकेका पत्त्याच्या वाट्याला नऊ घरे आली. या रीतीला त्या खोल्यांत ‘पाळी’ म्हणत. नदीवरच्या मोटारीचे पाणी शेतकरी आळीपाळीने घेतात, त्यावरून तो शब्द आला होता. दुकानाने स्वतःसाठीही एक पत्ता राखून ठेवला नव्हता. मालकालाही पाळी लागू होती.

त्यामुळे मी एका दिवसात अनेक घरी राहत असे. सकाळी गारगोटीच्या दूध संस्थेत, दुपारी वारणानगरच्या एका प्राध्यापकांकडे, संध्याकाळी राजारामपुरीत परदेशी गेलेल्या मुलीची पत्रे वाचणाऱ्या एका वृद्ध जोडप्याकडे. या वृद्धांना पत्र उघडले की फोन ठेवून मग सावकाश वाचावे हे सुचत नसे. ते एकच पत्र चार वेळा वाचत आणि मी तेथे थांबून असे. तक्रार म्हणून सांगत नाही. माणसे पत्त्यावर राहतात असा समज आहे. माझ्या बाबतीत पत्ता माणसांकडे राहायला जात असे.

आपल्या कहाण्या आटपाट नगरात घडतात. त्या नगराचा पत्ता कोणाला विचारावा लागत नाही, कारण तो प्रत्येक श्रोत्याच्या गावाला बसतो. एक पत्ता अनेकांनी वापरण्याची इतकी जुनी आणि इतकी टिकाऊ व्यवस्था माझ्या माहितीत दुसरी नाही. माझी स्थिती काहीशी त्या नगरासारखी होती. फरक एवढाच की आटपाट नगर कोणी उसने दिलेले नव्हते.

गारगोटीच्या दूध संस्थेचे सचिव दादासो हे माझे सर्वांत निष्ठावान यजमान होत. रोज सकाळी दुधाच्या फॅटचे आकडे ते संगणकावरून पाठवत. एकदा त्यांचे आकडे जाईनात. त्यांनी संस्थेच्या दुसऱ्या फोनवरून निशाला गाठले.

“निशाताई, नेट लागलंय पन काय जाईना झालंय.”

“थांबा, बघते. तुमचा आत्ताचा पत्ता काय दिसतोय बघू. हां, शेवटी सत्तेचाळीस.”

“माझा पत्ता?”

“व्हय, तुमचा.”

“सगळा सांगा की. लिहून घेतो.”

निशाने चारही आकडे सांगितले. ‘आत्ताचा’ हा शब्द दादासोंनी ऐकला नाही, किंवा ऐकून सोडून दिला. पुढच्या महिन्यात संस्थेचे नवे लेटरहेड छापून आले. त्यावर संस्थेचे नाव, खाली मुक्काम पोस्ट गारगोटी, तालुका भुदरगड, त्याखाली पिन कोड आणि त्याखाली, ठळक अक्षरांत, मी. दोन हजार प्रती होत्या. निशाने पुष्कळ समजावले. दादासोंचे म्हणणे असे की पत्ता दिल्यावर परत घेण्याची रीत भुदरगड तालुक्यात नाही.

माझ्यावर त्या वेळी आणखी आठ घरांचा हक्क होता. पण कागदावर छापले जाण्याचा मान मला एकदाच मिळाला, आणि तो चुकीने मिळाला, हे नोंदवून ठेवतो.

२००२ च्या पावसाळ्यात मुंबईच्या कंपनीचे पत्र आले. भाषा अत्यंत सभ्य होती. छोट्या पुरवठादारांना यापुढे स्वतंत्र जोडणी मिळणार नव्हती. २००४ च्या मार्चअखेर प्रसेनजीतने कंपनीचा एजंट व्हावे, म्हणजे पाटी कंपनीची आणि ग्राहकही कंपनीचे. अन्यथा उसने पत्ते परत करावेत. दुसऱ्या कंपनीची जोडणी घेण्यास कोणाची हरकत नव्हती, पण पत्ते परत गेल्यावर त्या जोडणीवर ग्राहकांना कोणते पत्ते द्यायचे हा प्रश्न होता. स्वतःच्या मालकीचे पत्ते मिळाले तर दुकान राहणार होते. न मिळाले तर पाटी उतरणार होती.

आक्काताईंनी पत्र दोनदा वाचले आणि घडी घालून टेबलावर ठेवले.

“तुझी आजी आडावर घागर घिऊन उभी ऱ्हायाची,” त्या म्हणाल्या. “स्वतः शेंदायचं न्हाय. वरनं कुणीतरी ओतायचं, तवा घागर भरायची. न्हाय कोन आलं तर रिकामी घिऊन परत. तुझं बी तसंच हाय की रं.”

प्रसेनजीतने घडी घातलेले पत्र पुन्हा उघडले. मी या विषयावर मत देणे उचित नव्हे, कारण ओतले जात होते ते मीच.

तेव्हा त्याने नोंदणी संस्थेकडे थेट अर्ज करायचे ठरवले. तेथला नियम असा होता की सर्वांत लहान वाटा चार हजार पत्त्यांचा, आणि तो मागणाऱ्याने आधी हजारभर उसने पत्ते वापरून संपवल्याचे दाखवले पाहिजे. प्रसेनजीतला चौसष्टांपलीकडे कोणी कधी उसने दिलेच नव्हते. जोतिबाच्या चैत्र यात्रेत गावोगावहून मिरवत आणलेल्या उंच सासनकाठ्यांना मानाचे क्रमांक असतात. जिचा मान पूर्वापार आहे ती पुढे चालते. नवी काठी कितीही उंच असली तरी तिला आधी कोणत्या साली मान होता असे विचारतात. परंपरा अशी विचारते यात नवल नाही, परंपरेचे ते कामच आहे. यंत्रांच्या जगाने वीस वर्षांच्या आत तीच रीत उचलावी, हे मात्र अभ्यासण्यासारखे आहे.

अर्जाचे काम आक्काताईंकडे होते. त्यात एक रकाना होता: वापरात असलेल्या पत्त्यांची यादी, कोणास दिले त्या तपशिलासह. एकतीस वर्षे टपाल खात्यात काढलेल्या बाईला पत्त्यांची यादी म्हणजे काय हे कोणाला विचारण्याची गरज वाटली नाही. त्यांनी पाच दिवस बसून पाचशे चाळीस घरांचे पत्ते इंग्रजीत टंकले. कृष्णात, विहिरीच्या अलीकडे, निळे गेट, राधानगरी. विठाबाई यांचा मुलगा, शाळेसमोरचा बोळ, कुत्रे आहे. सहा पिन कोड चुकीचे होते, ते त्यांनी दुरुस्त केले. प्रसेनजीत त्या आठवड्यात गारगोटीला टेलिफोनच्या तारा तपासत फिरत होता. त्याने फोनवरून “पाठवून दे आई” म्हटले आणि अर्ज गेला.

गेला तो माझ्यातूनच, त्यामुळे यादी मी वाचली आहे. माझ्या नऊही घरांची नावे प्रथमच एका जागी पाहिली.

उत्तर तीन वाक्यांचे होते. अर्जदाराने पत्ते कळवण्याऐवजी घरे कळवली आहेत. पाचशे चाळीस घरे साठ पत्त्यांत भागत असतील, तर अधिक पत्त्यांची निकड दिसून येत नाही. सबब अर्ज नियमात बसत नाही.

प्रसेनजीतने ते मोठ्याने वाचले आणि आईकडे पाहिले.

“आई, त्यांना घरचे पत्ते नको होते.”

“मग काय पायजे हुतं?”

“आकडे. सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस, असे.”

“आकडं त्यांचंच हायत. त्यांनीच वाटल्यात. त्यांच्याकडं न्हवतं ते लिवलं मी. माणसं कुठं ऱ्हात्यात ते.”

“पण म्हणून तर नाही म्हणाले.”

“काटकसर केली म्हनून?”

“तसंच समज.”

“उधळ्या पोराला वाटणी जास्ती,” आक्काताई म्हणाल्या आणि चष्मा पुसू लागल्या. त्यांना राग आला होता की त्या निष्कर्ष सांगत होत्या हे मला कळले नाही. टपाल खात्यात हे दोन्ही एकाच आवाजात सांगतात.

खरी गोष्ट अशी की नियम काटकसरीला शिक्षा देण्यासाठी कोणी केलेला नव्हता. तो उधळपट्टी टाळण्यासाठी केला होता. आधी जे घेतले ते वापरून दाखवा, मग पुढचे मागा, असा त्यातला विचार. पण ज्याच्या हाती मुळात भरपूर आले त्यालाच वापर दाखवता येतो, आणि ज्याने नऊ घरांत एक पुरवला त्याच्याकडे दाखवायला काही उरत नाही. लोककथेतली धाकटी सून अर्ध्या भाकरीत सगळ्यांचे जेवण उरकते तेव्हा कथा तिचे कौतुक करते. सासू मात्र दुसऱ्या दिवशी अर्धीच भाकरी देते.

यातून मार्ग काढला तो निशाने. फोनवर तक्रारदार सायकल दुकानाच्या आवाजात हरवला की ती समोर असेल ते वाचत बसे. अशा फावल्या वेळात तिने नोंदणी संस्थेचे नियम शेवटच्या पानापर्यंत वाचले होते. कोल्हापुरात ते तेथवर वाचणारी ती एकटीच असावी.

“सर, हितं शेवटी लिहिलंय, नियम बदलायचा असला तर कुणीही सुचवू शकतंय म्हणून.”

“कुणीही म्हणजे आपण नव्हे गं.”

“कुणीही म्हणजे कोण, ते काय लिहिलं न्हाई.”

प्रसेनजीतने पुन्हा एकदा पान पाहिले. खरोखरच लिहिले नव्हते.

सूचना दीड पानाची झाली. सर्वांत लहान वाटा चौथाईवर आणावा, म्हणजे हजार पत्त्यांचा. आणि गरज मोजताना उसने पत्ते किती संपवले एवढेच न पाहता, त्यांवर किती घरे अवलंबून आहेत तेही मोजावे. ती सगळ्या सभासदांना ई-पत्राने गेली आणि चार महिने वाद चालला. एका मोठ्या कंपनीच्या गृहस्थांचा आक्षेप भक्कम होता. इंटरनेटच्या चौकाचौकांत वाट दाखवणाऱ्या जगभरच्या यंत्रांना प्रत्येक वाट्याची एक ओळ आपल्या वहीत ठेवावी लागते. वाटे बारीक झाले की ओळी वाढतील आणि वह्या फुगतील. हे खोटे नव्हते. बेटांवरच्या आणि डोंगराळ मुलखातल्या काही छोट्या पुरवठादारांनी लिहिले की आमच्याकडेही असेच आहे. अखेर विषय २००३ च्या ऑगस्टमधल्या खुल्या सभेवर गेला.

सभा परदेशात होती. जाणे शक्य नव्हते, पण दूर असलेल्यांनी इंटरनेटवरून लिहून पाठवावे आणि अध्यक्षांनी ते वाचून दाखवावे अशी सोय होती. वेळ आपल्याकडच्या सकाळी साडेअकराची आली. त्या सुमारास दूध संस्थांचे, शाळांचे, दुकानांचे संगणक एकदम जागे असतात. अकरा वाजून वीस मिनिटांनी प्रसेनजीत संगणकापुढे बसला, आणि साठपैकी एकही पत्ता मोकळा नव्हता.

“सर, कुणाची तरी लाईन तोडा,” निशा म्हणाली. “एका बटणाचं काम हाय.”

“नाही. बसलेल्या माणसाला उठवायचं नाही. तो आपला नियम आहे.”

“आज तरी.”

“आज तर नाहीच. आपण नियमाचंच बोलायला बसलोय.”

फोन करून विनंती करावी, तर ग्राहकाचा फोन इंटरनेटलाच जोडलेला. दोन फोन असलेले एकच ठिकाण निशाला आठवले. तिने गारगोटीचा दुसरा क्रमांक फिरवला.

“दादासो, निशा बोलते. जरा दहा मिन्टं नेट सोडता काय?”

“का? फॅटचं आकडं चालल्यात माझं.”

“साहेबांस्नी पत्ता पायजे.”

“माझा? छापलाय मी त्यो.”

“व्हय, तुमचाच. पन दहा मिन्टं.”

“साहेबांस्नी सोताचा न्हाय?”



“न्हाय. त्योच मागायला बसल्यात.”

पलीकडून म्हशी हाकल्याचा आवाज आला. मग दादासो म्हणाले, “मग आदी सांगायचं की वो. सोडलं बगा.”

मी मोकळा झालो आणि त्याच क्षणी प्रसेनजीतकडे गेलो. आक्काताईंच्या अर्जापुरता मी त्या खोलीत येऊन गेलो होतो, पण खुद्द मालकाच्या पाळीला जन्मात प्रथमच आलो होतो. उसना असून.

सभेतले बोलणे लेखी स्वरूपात माझ्यातूनच येत होते, म्हणून ते जसेच्या तसे ठाऊक आहे. मोठ्या कंपनीच्या गृहस्थांनी ओळींचा आणि वहीचा मुद्दा पुन्हा मांडला. अध्यक्षांनी विचारले, सूचना करणारे काही सांगू इच्छितात काय. प्रसेनजीतने दोन वाक्ये लिहिली आणि खोडली. आक्काताई मागे उभ्या होत्या.

“घरं सांग,” त्या म्हणाल्या. “आकड्यात त्यांच्याशी जिकनार न्हाईस तू.”

त्याने लिहिले: “जगाच्या वहीत आम्ही एकच ओळ मागत आहोत. आमच्याकडे एका पत्त्यावर नऊ घरे राहतात. यादी यापूर्वीच पाठवली आहे.”

अध्यक्षांनी ते वाचले. नंतर वृत्तांतात अशी नोंद उमटली: नोंदणी संस्थेच्या एक कर्मचारी बाई उभ्या राहून म्हणाल्या की ती यादी माझ्याकडे आली होती आणि अर्ज मीच नाकारला होता. नियमाप्रमाणे नाकारला. त्यात एका घराचे गेट निळे आहे. तेव्हापासून वापरलेला पत्ता आणि संपवलेला पत्ता यांत फरक आहे असे मला वाटू लागले आहे. हा फरक नियमात नाही, तो असावा.

यानंतर कोणाची हरकत आहे का असे तीनदा विचारले गेले. मोठ्या कंपनीचे गृहस्थ म्हणाले की ओळी वाढतीलच, मात्र मी अडवणार नाही. सूचना मान्य झाली. शाहूपुरीत कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. निशाने गारगोटीला फोन लावून दादासोंना सांगितले की आता आकडे पाठवा, आणि प्रसेनजीत जागेवरून उठला. मी गारगोटीला परत गेलो.

नवा नियम अमलात आला, अर्ज पुन्हा गेला, आणि २००४ च्या फेब्रुवारीत करवीरनगरीतल्या त्या दोन खोल्यांच्या नावावर हजारभर पत्ते लागले. परत न करायचे. मार्चमध्ये दुसऱ्या कंपनीची जोडणी आली. पाटी होती तशीच राहिली.

चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात आले असेल की या विजयात माझी जागा कोठे होती. ज्या दिवसासाठी मी त्या सभेत धावलो, त्या दिवशी मला जायचे होते. एकतीस मार्चला प्रसेनजीतने आम्हा चौसष्ट जणांची नावे एकेक करून यंत्रातून काढली. आक्काताई पाहत होत्या.

“जुन्या पत्त्यावर टपाल आलं तर?” त्यांनी विचारले.

“येऊ दे. पोचणार नाही.”

“आमच्यात तीन म्हयनं पुढं पाठवायची सोय हुती.”

“ह्यात नाही आई.”

“मग ह्यात कायतरी कमी हाय,” त्या म्हणाल्या. माझ्याविषयी कोणी काढलेले ते शेवटचे उद्गार. सत्तेचाळीसची पाळी दुपारी तीनच्या सुमारास आली.

निशाने दादासोंना नवे लेटरहेड छापायला सांगितले, तेव्हा ते म्हणाले की आधी हे कागद संपू देत. दोन हजारांतले बाराशे शिल्लक होते आणि गारगोटीची दूध संस्था जपून पत्रे लिहिते.

आज मी मुंबईत आहे, एका काचेच्या इमारतीच्या सातव्या मजल्यावर. मला एका प्रिंटरला दिले आहे. तो माझ्यावर कायम असतो, दिवसाचे चोवीस तास, सुटीच्या दिवशीही. कागद घालणारे कोणी नसल्यामुळे तो काही छापत नाही. नियमाच्या भाषेत मी आता पूर्णपणे वापरात आहे. माझ्या आधाराने कंपनीला आणखी पत्ते मागता येतात, आणि मिळतात, असे ऐकतो.

मला तक्रार करायची नाही. एवढेच मागणे आहे की यापुढे वाटणी करणाऱ्यांनी कोणाकडे किती आहेत हे मोजून झाल्यावर, त्यांवर किती जण राहतात हेही विचारावे. ते विचारायला एक रकाना पुरतो. तो कसा भरायचा हे आक्काताईंना ठाऊक आहे.

अधूनमधून, महिन्यातून एखाद्या वेळी, कोणीतरी माझे दार वाजवते. बहुधा हाती गारगोटीचे जुने पत्र असलेला कोणी पशुखाद्याचा व्यापारी, किंवा एखादा बँकेतला साहेब. पिन कोडखालचे ठळक आकडे तो संगणकावर टंकतो आणि वाट पाहतो. प्रिंटरला उत्तर देण्याची सवय नाही. थोडा वेळ थांबून पाहुणा निघून जातो. मला त्याच्याशी बोलता आले असते तर दार किलकिले करून एवढेच सांगितले असते: पावणं, त्ये आता हितं ऱ्हात न्हाईत. गारगोटीला जावा. बाजारातनं सरळ गेलासा की दूध संस्था कुठं म्हणून इचारा. कुणीबी सांगंल.